इमोजी वापरताना : नवख्यांसाठी पायरीपायरीने

आमच्या आतेने सत्तरी ओलांडल्यावर पहिला स्मार्टफोन घेतला आणि महिन्याभरातच घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्याइतके उत्साही कोणी उरले नाही. एका सकाळी त्या ग्रुपवर दूरच्या नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या निधनाची बातमी आली आणि तिच्याखाली आतेने डोळ्यांपाशी निळे पाणी असलेले तीन पिवळे चेहरे पाठवले. तिच्या समजुतीप्रमाणे ती रडत होती. प्रत्यक्षात तिने निवडलेला चेहरा हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाचा होता. चष्मा न लावता पाहिले तर दोन्ही चेहरे सारखेच भासतात. कोणीतरी फोन करून तिला हे सांगेपर्यंत गोव्यातल्या म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी ते पाहिले होते, आणि पुढचे दोन दिवस आतेने फोन कपाटात ठेवून दिला होता.

त्यानंतर फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात ज्येष्ठांना फोन शिकवण्यासाठी शनिवारी आम्ही बसतो, तेथे मी इमोजींसाठी एक स्वतंत्र तास ठेवू लागलो. हा लेख त्या तासाच्या क्रमानेच लिहिला आहे. यात एकही इमोजी मुद्दाम छापलेला नाही. माझ्या फोनवर दिसते तेच चित्र तुमच्या फोनवर तसेच दिसेल याची खात्री नसते, हे एक कारण. आणि ज्या चित्राचे वर्णन आपल्याला शब्दांत करता येत नाही ते कोणाला पाठवू नये, असा माझा वर्गातला पहिलाच नियम आहे, हे दुसरे.

आधी थोडे मुळाविषयी

समोरासमोर बोलताना 'या एकदाचे' हे दोन शब्द प्रेमाने म्हटले आहेत की वैतागाने, हे आपल्याला हेलावरून, चेहऱ्यावरून आणि हाताच्या हालचालीवरून कळते. कागदावरच्या पत्रात त्याची उणीव मायन्याने आणि लांबलचक वाक्यांनी भरून निघत असे. फोनवरचा संदेश मात्र बोलण्याइतका आखूड आणि पत्राइतका मुका असतो, आणि त्या मुकेपणातून निर्माण होणाऱ्या गैरसमजांवर उपाय म्हणून ही चिन्हे आली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर कोणते विधान विनोदाने केले आहे आणि कोणते गंभीरपणे, याचा घोळ होऊ लागला, तेव्हा स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी एक सूचना मांडली : विनोदी विधानापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि बंद होणारा कंस लिहावा. मान डावीकडे कलती करून पाहिले की त्यात हसरा चेहरा दिसतो. आपल्याकडे अनेक जण आजही प्रत्येक इमोजीला 'स्मायली' म्हणतात, ते याच पिढीचे नाव.

'इमोजी' हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजीतील भावनावाचक शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. जपानमध्ये १९९७ सालीच एका मोबाइल संचात अशी ९० चित्रे आली होती, परंतु त्यांचा खरा प्रसार झाला तो एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या १७६ चित्रांमुळे. प्रत्येक चित्र बारा बाय बारा, म्हणजे एकूण १४४ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले होते. (रांगोळी घालणाऱ्या कोणालाही त्या कामातली अडचण आणि गंमत लगेच कळेल.) न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ मध्ये तो संच आपल्या संग्रहात घेतला.

नवख्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर ही चिन्हे एकमेकांना कळावीत म्हणून २०१० मध्ये युनिकोड या जागतिक लिपिमानकात इमोजींचा मोठा संच समाविष्ट झाला. देवनागरीतल्या 'क' ला जसा ठरावीक क्रमांक आहे तसाच प्रत्येक इमोजीलाही आहे, आणि आज अशा इमोजींची संख्या पावणेचार हजारांच्या पुढे गेली आहे. आपण पाठवतो तो क्रमांक. चित्र काढतो तो समोरच्याचा फोन. म्हणून एकच चेहरा एका फोनवर खळखळून हसताना दिसतो, तर दुसऱ्यावर दात आवळल्यासारखा. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते, की एकाच इमोजीविषयी दोन माणसांची मते बरीच वेगळी पडतात, आणि चित्र एकाच कंपनीचे असले तरीही पडतात. त्यानंतर कंपन्यांनी आपली चित्रे पुष्कळशी एकमेकांच्या जवळ आणली आहेत, पण पूर्ण सारखी ती आजही नाहीत.

पायरी पहिली : चित्रे सापडतात कुठे

मराठी टंकण्यासाठी तुम्ही जो कीबोर्ड वापरता, त्यावर स्पेसच्या लांबट कळीजवळ किंवा लिहिण्याच्या चौकटीच्या डाव्या टोकाला एक हसरा चेहरा दिसतो. तो दाबला की चित्रांचा पेटारा उघडतो. खालच्या किंवा वरच्या पट्टीवर चेहरे, प्राणी, खाद्यपदार्थ, वाहने, ध्वज असे कप्पे असतात आणि सर्वांत पहिल्या कप्प्यात तुम्ही अलीकडे वापरलेली चित्रे जमा होतात. हा पहिला कप्पा सोयीचा आहे तितकाच धोक्याचाही आहे, कारण घाईत बोट तिथल्याच चित्रावर पडते. आतेचेही तसेच झाले असावे. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबली, तर मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस या तीन कळा एकत्र दाबल्या, की असाच पेटारा उघडतो.

त्याच पेटाऱ्यात स्टिकर आणि हलती चित्रे यांचेही कप्पे असतात आणि नवीन माणसाची येथे हमखास गल्लत होते. इमोजी हे अक्षर आहे; ते वाक्यात बसते आणि अक्षराइतकीच जागा घेते. स्टिकर हे स्वतंत्र चित्र असून ते स्वतंत्र संदेश म्हणूनच जाते. 'शुभ सकाळ' लिहिलेली गुलाबाची चित्रे या दोहोंत मोडत नाहीत; ती छायाचित्रे आहेत आणि तुमच्या फोनची जागा भरण्याचे श्रेय मुख्यतः त्यांनाच जाते.

हाताचे किंवा माणसाचे चित्र दाबून धरले तर त्वचेच्या रंगाचे पाच पर्याय समोर येतात. ही सोय २०१५ साली आली आणि त्या पाच छटा त्वचारोगतज्ज्ञ वापरत असलेल्या वर्गीकरणावरून घेतल्या आहेत. मूळ पिवळा रंग कोणाचाच नाही, म्हणून तो सर्वांचा आहे; सुरुवातीला तोच ठेवावा. एकदा निवडलेली छटा पुष्कळ फोन कायमची लक्षात ठेवतात.

काही चित्रे एकसंध दिसत असली तरी ती जोडाक्षरे असतात. आईवडील आणि मुले असलेले कुटुंबाचे चित्र म्हणजे माणसांची सुटी चित्रे आणि त्यांच्यामध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह. मराठी लिहिणाऱ्याला हे जोडचिन्ह परके नाही, कारण 'दर्‍या' किंवा 'वार्‍यावर' या शब्दांतला आडवा र उमटवण्यासाठी संगणक पुष्कळदा हेच चिन्ह वापरतो. जुन्या फोनला ते समजले नाही तर कुटुंबाऐवजी तीन-चार सुटी माणसे रांगेत उभी दिसतात. भारताच्या ध्वजाचेही असेच आहे : तो आय आणि एन या दोन खास अक्षरचिन्हांच्या जोडीतून तयार होतो. गोवा मुक्तिदिनी, १९ डिसेंबरला, हौसेने पाठवलेला तिरंगा विंडोजच्या संगणकावर उघडणाऱ्याला बहुधा तीच दोन अक्षरे दिसतात. त्यात तुमची काही चूक नसते.

पायरी दुसरी : दहाच शिका, पण नीट शिका

पावणेचार हजार चित्रांशी आपल्याला कर्तव्य नाही. वर्गात मी प्रत्येकाला दहा चित्रे निवडायला सांगतो आणि ती स्वतःलाच पाठवायला लावतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःच्या क्रमांकावर संदेश पाठवण्याची सोय आहे आणि सरावासाठी तिच्यासारखी सुरक्षित जागा नाही. पाठवल्यावर चित्र दोन बोटांनी मोठे करण्याचा प्रयत्न करू नये, ते मोठे होत नाही. त्याऐवजी मजकूर न लिहिता केवळ एकच इमोजी पाठवावा. तो आपोआप मोठा दिसतो आणि तोंडाचा आकार, भुवया, पाण्याचा थेंब हे सारे नीट पाहता येते.

ज्या चेहऱ्यांत घोटाळा होतो ते आधी वेगळे करून घ्यावेत. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याला दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत एकेक टपोरा थेंब असतो आणि तोंड दात दिसतील इतके उघडे असते; ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ सालचा 'वर्षातला शब्द' म्हणून शब्दाऐवजी हाच चेहरा निवडला होता. हमसून रडणाऱ्या चेहऱ्याचे डोळे मिटलेले असतात आणि गालांवरून दोन सरळ धारा वाहतात. एका डोळ्यातून एकच थेंब ओघळणारा चेहरा शांत दुःखाचा आहे, आणि शोक कळवायचा असेल तर तोच बरा. मात्र नाकातून फुगा आलेला, डोळे मिटलेला चेहरा रडत नसतो. तो पेंगत असतो. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी असा फुगा काढण्याची पद्धत आहे आणि ती ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे तो चेहरा सर्रास अश्रू म्हणून वापरला जातो. नाकपुड्यांतून वाफ सोडणारा चेहराही असाच. आपण त्याला रागावलेला समजतो, पण त्याचे मूळ नाव विजयाची ऐट सांगणारे आहे. येथे मी शुद्धतेचा आग्रह धरत नाही. समोरचाही त्याला राग समजत असेल तर तो राग. पेंगणाऱ्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, कारण ज्याला खरा अर्थ ठाऊक आहे त्याला आपण त्याच्या दुःखावर जांभई दिल्यासारखे वाटते.

किंचित हसणाऱ्या, ओठ नुसते वळलेल्या चेहऱ्यापासून जपावे. आपल्या वयाच्या माणसाला त्यात सौजन्य दिसते. विशीतल्या मुलांना त्यात थंड उपरोध दिसतो. 'ठीक आहे' या शब्दांपुढे तो लावला तर नातवंडांना वाटते, आजोबा रागावले. त्याऐवजी गाल लाल झालेला, डोळे मिटून हसणारा चेहरा वापरला तर दोन्ही पिढ्यांना तो प्रेमळच वाटतो. उलट, नातवाने तुमच्या विनोदावर कवटी पाठवली तर घाबरू नये. हसून हसून मेलो, असा त्याचा अर्थ आहे.

पायरी तिसरी : आधी वाक्य, मग चित्र

माझ्या मते सगळ्या गफलतींचे मूळ येथे आहे. इमोजीने शब्दाची जागा घ्यायची नसते. आवाजाचा हेल जिथे हरवला तिथे तो भरायचा असतो. म्हणून वाक्य पूर्ण लिहावे, पूर्णविरामापर्यंत न्यावे, आणि मग स्वतःला विचारावे की हेच वाक्य मी तोंडाने कसे म्हटले असते.

एक उदाहरण जवळून पाहू. आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा ग्रुप आहे. स्पर्धेच्या आधी रोज संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात तालीम असते. एके दिवशी दिग्दर्शकांनी एका नटाला लिहिले, 'आज तुम्ही वेळेवर आलात.' एवढेच. नट दुखावला, रोज उशिरा येतो असे चारचौघांत सुनावले, असे त्याला वाटले. आता त्याच वाक्यापुढे टाळ्या वाजवणारे हात ठेवून पाहा : ते कौतुक होते. डोळा मिचकावणारा चेहरा ठेवा : ती मैत्रीतली थट्टा होते. डोळे वर फिरवणारा चेहरा ठेवला तर तो उघड टोमणा होतो आणि दुसऱ्या दिवशी तालमीला नट येत नाही. दिग्दर्शकांच्या मनात खरोखर कौतुकच होते. 'आज तुम्ही वेळेवर आलात, बरे वाटले' असे लिहिले असते तर चित्राचीही गरज पडली नसती. मी तर नवख्यांना हाच प्रयोग उलटा करायला सांगतो. चित्र झाकून वाक्य वाचावे. अर्थ कळत नसेल, किंवा भलताच कळत असेल, तर चित्र बदलून उपयोग नाही, वाक्य बदलावे.

चित्राची जागा वाक्याच्या शेवटी. 'उद्या', मग सूर्य, 'सकाळी', मग घड्याळ, 'देवळात', मग देऊळ, अशी सजावट डोळ्यांना काही काळ गंमतशीर वाटते, पण आमच्या वर्गातल्या एका काकांची दृष्टी अधू झाली आहे आणि ते फोनला संदेश मोठ्याने वाचायला लावतात. फोन प्रत्येक इमोजीचे नाव उच्चारतो. सात पणत्या लावलेला दिवाळीचा संदेश त्यांना सात वेळा पणतीचे नाव ऐकूनच पुढे नेता येतो, आणि शब्दांच्या मध्येमध्ये चित्रे असली तर वाक्य तुटून त्याचा अर्थच हाती लागत नाही. एक पणती पुरते. साध्या एसएमएसमध्ये तर याला पैशाचाही हिशेब आहे : देवनागरीतल्या एका संदेशात ७० अक्षरे मावतात आणि साधारणपणे एकेक इमोजी त्यांतल्या दोन जागा खातो.

पायरी चौथी : समोर कोण आहे

गोव्यातल्या एखाद्या सोसायटीच्या किंवा वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, ग्रुपवर काय काय असते पाहा. कोणी मराठीत लिहितो, कोणी देवनागरी कोंकणीत, कोणी रोमी कोंकणीत, कोणी इंग्रजीत, आणि हल्लीच राहायला आलेला शेजारी हिंदीत. सर्वांना एकच लिपी येते असे गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणी इमोजीचा खरा उपयोग होतो, कारण पाणी आले की नळाचे थेंब, वीज गेली की बल्ब, एवढे सर्वांना कळते. परंतु याच ठिकाणी सावधगिरीही अधिक हवी.

जोडलेल्या हातांचा इमोजी घ्या. आपल्यासाठी तो नमस्कार आहे, जपानमध्ये तो 'कृपया' आणि 'आभारी आहे' यांच्या मधला आहे, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबासाठी ती प्रार्थना आहे, आणि तो दोन माणसांनी एकमेकांना दिलेली टाळी आहे असे मानणारेही आहेत. सुदैवाने यांतल्या कोणत्याही अर्थाने कोणी दुखावत नाही. म्हणूनच फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) शुभेच्छांपासून 'देव बरें करूं' या कोंकणी आभारांपर्यंत आणि निधनाच्या बातमीपासून जत्रेच्या आमंत्रणापर्यंत तो सगळीकडे चालतो. नवख्याला एकच इमोजी शिकवायचा झाला तर मी हाच शिकवीन.

फुलांच्या गुच्छाचे तसे नाही. आपल्याकडे तोच गुच्छ वाढदिवसाला जातो आणि तोच 'भावपूर्ण श्रद्धांजली'खालीही. ग्रुपवर एकाच दुपारी एकाचा वाढदिवस आणि दुसऱ्याच्या घरचे दुःख अशा दोन बातम्या आल्या, तर नुसता गुच्छ कोणाला उद्देशून आहे ते देवच जाणे. त्यासोबत नाव लिहावे. लाल हृदय घरच्यांसाठी ठेवावे. कार्यालयातल्या सहकाऱ्यांना किंवा अल्प परिचयाच्या व्यक्तीला ते पाठवू नये, मग मनात केवळ कृतज्ञता का असेना.

वर केलेला अंगठा सर्वांत साधा वाटतो, आणि तरीही न्यायालयात पोहोचला तो तोच. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचे छायाचित्र पाठवून तो मान्य असल्याचे कळवा, असे शेतकऱ्याला लिहिले. शेतकऱ्याने अंगठा पाठवला, पण पुढे माल दिला नाही. अंगठा म्हणजे करार मिळाल्याची पोच, असे त्याचे म्हणणे होते. त्या दोघांतले आधीचे करार अशाच आखूड उत्तरांवर पार पडले होते, हे लक्षात घेऊन न्यायालयाने २०२३ मध्ये अंगठा ही संमतीच मानली आणि ८२,००० कॅनेडियन डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. उलट, २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येविषयीच्या संदेशाला अंगठा दाखवला होता आणि त्याला नोकरीतून काढले होते; न्यायालयाने तेथे अंगठ्याचा अर्थ संदेश पाहिल्याची पोच इतकाच धरला. एकच खूण, दोन अर्थ, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी मला पटतात.

आमच्या वाड्यावर पदेराला, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याला, आदल्या रात्री 'उद्या दहा उंडे' असे लिहिले की तो अंगठा पाठवतो, आणि सकाळी त्याचा भोंपू वाजतो तेव्हा पिशवीत दहाच उंडे असतात. येथे अंगठा म्हणजे सौदा. पण घर भाड्याने देणे, आगाऊ रक्कम घेणे, जमिनीचे व्यवहार यांविषयी कोणी काही विचारले तर अंगठा दाखवू नये. 'वाचले, उद्या कळवतो' असे शब्दांत लिहावे. पैशाच्या गोष्टीत चित्र नको.

पायरी पाचवी : उत्तर द्यावे की नुसती खूण करावी

संदेश दाबून धरला की त्याच्यावर सहा चित्रांची एक पट्टी दिसते : अंगठा, हृदय, हसरे अश्रू, आश्चर्य, दुःख आणि जोडलेले हात. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये ही सोय आणली तेव्हा ही सहाच होती. आता शेवटच्या अधिकच्या चिन्हावरून कोणताही इमोजी निवडता येतो. निवडलेले चित्र मूळ संदेशाच्या पायाशी चिकटते आणि नवीन संदेश तयार होत नाही.

दोनशे माणसांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सप्ताहाची वेळ जाहीर झाली आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे हात जोडले, तर वेळेचा मूळ संदेश वर कुठेतरी गाडला जातो आणि संध्याकाळपर्यंत चार जण विचारतात, 'किती वाजता?' येथे पायाशी लावलेली खूणच योग्य. उलट, कोणाच्या घरी दुःख झाले असेल तर खूण लावून मोकळे होऊ नये. त्या पट्टीवरचा दुःखी चेहरा आणि हसरे अश्रू अगदी जवळजवळ असतात, आणि थरथरत्या बोटाला तेवढे अंतर पुरत नाही, हे झाले व्यावहारिक कारण. दुसरे कारण सांगायला नको. दोन ओळी लिहाव्यात, जमल्यास फोन करावा.

चुकीची खूण लागली तर त्याच चित्रावर पुन्हा बोट ठेवावे, ती निघून जाते.

पायरी सहावी : सणासुदीला

भारतीय वापरासाठी हवीशी वाटणारी बरीच चित्रे उशिरा आली. आंबा २०१८ मध्ये आला. साडी, पणती, हिंदू देऊळ आणि रिक्षा ही चारही २०१९ च्या संचात आली. नारळ त्याआधीच, २०१७ मध्ये, दाखल झाला होता. काजूगराचे किंवा फणसाचे चित्र मात्र अजून नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचे) वर्णन करताना नारळ, केळी आणि जास्वंद एवढ्यावरच भागवावे लागते. बाकी शब्दांनी सांगावे, आणि खरे तर माटोळीचे छायाचित्र काढून पाठवणेच उत्तम.

यातून वापरणाऱ्यांनी आपापल्या युक्त्या काढल्या आहेत. पूर्व आशियातल्या उकडलेल्या, सारण भरलेल्या पदार्थाचा एक इमोजी आहे. अर्धचंद्राकृती, काठाला मुरड घातलेला. आमच्या वर्गातल्या एका वहिनींनी तो पाहताच म्हटले, 'ही तर नेवरी!' आणि तेव्हापासून आमच्या गावात तो नेवरीच आहे. अशा स्थानिक अर्थांना माझी हरकत नाही, फक्त ग्रुपबाहेर ते पोहोचत नाहीत हे ध्यानात ठेवावे. पुण्याच्या व्याह्यांना तो करंजी वाटेल इतपत ठीक आहे. परदेशातल्या मित्राला तो चिनी उपाहारगृहाचे आमंत्रण वाटू शकेल. मासळीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोळंबी आणि खेकडा दोन्ही आहेत, म्हणजे सुंगटां आणि कुर्ल्यांची सोय झाली. इसवण आणि बांगडा यांना मात्र एकाच मासळीत समाधान मानावे लागते.

आमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहिताना तिथी, वेळ, स्थळ या ओळींत चित्र घालू नये. तो मजकूर लोक नकलून दुसरीकडे पाठवतात, कधी छापायलाही देतात, आणि छापखान्याच्या संगणकात चित्राच्या जागी रिकामी चौकट उमटलेली मी स्वतः पाहिली आहे. बँकेचे अर्ज, सरकारी अर्ज, फाइलची नावे यांतही इमोजी नको.

पायरी सातवी : चुकल्यावर

चूक होणारच. मजकुरातली चूक असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत संदेश दाबून धरून तो दुरुस्त करता येतो. पुढे 'दुरुस्त केला' अशी बारीक नोंद दिसते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पूर्ण संदेशच काढायचा असेल तर तो सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय दोन दिवसांहून थोडा अधिक काळ असते. तेथे दोन पर्याय येतात आणि घाबरलेला माणूस नेमका 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय दाबतो. मग संदेश त्याच्या फोनवरून जातो आणि बाकी सर्वांच्या फोनवर राहतो. असे झाल्यास पडद्याच्या तळाशी काही सेकंद 'पूर्ववत करा' असे दिसते. ते चटकन दाबावे आणि पुन्हा नीट निवड करावी.

आणि तो चेहरा कोणी पाहिला असेल, विशेषतः दुःखाच्या प्रसंगी, तर काढून टाकून गप्प बसू नये. 'चुकून दुसरे चित्र गेले, क्षमा करावी' एवढे शब्दांत लिहावे. माफीसाठी इमोजी वापरू नये, असे मी वर्गात सांगतो आणि दरवेळी कोणीतरी जोडलेल्या हातांविषयी विचारते. शब्दांच्या मागोमाग चालतील, असे माझे उत्तर असते.

आतेने तिसऱ्या दिवशी फोन बाहेर काढला आणि त्या गृहस्थांच्या मुलीला ग्रुपवर न लिहिता सरळ फोनच केला. त्या मुलीने तोवर ग्रुप नीट पाहिलाही नव्हता. आता आतेच्या पेटाऱ्यात मोजून आठ चित्रे आहेत आणि त्यांची नावे तिने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर पेनाने लिहून ठेवली आहेत. गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रुपवर तिचा संदेश आला : 'तळून झाल्या. गरम आहेत तोवर या.' पुढे एकच नेवरी होती.